गुडघ्याची झीज की आमवात? घाई कुठे करायची, कुठे नाही

सांधेदुखीचे प्रकार शंभराच्या वर आहेत, पण घरात निदानं दोनच होतात: ‘वय झालं’ किंवा ‘वात आहे’. यातून ज्यांना पुढे कुठल्या डॉक्टरकडे जायचं हे ठरवायचंय, त्यांच्यासाठी दोन मुख्य दुखणी शेजारी ठेवून बघू. एक गुडघ्याची झीज, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस. दुसरा आमवात, म्हणजे रुमेटॉइड आर्थ्रायटिस, ज्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. माझ्या मते आपल्याकडे घाई नेमकी उलट्या जागी होते. झिजलेल्या गुडघ्याला बहुतेक वेळा सवड असते, तिथे लोक ऑपरेशनची तारीख घेऊन येतात. आमवातात पहिले काही महिने मोलाचे, ते तेल-लेपात निघून जातात.

रिपोर्टच्या आधी सकाळ बघा. झिजलेला गुडघा रात्री आखडतो, पण पाच-दहा मिनिटं, फार तर अर्धा तास घरात फिरलं की मोकळा होतो. मग जिने चढून-उतरून संध्याकाळी ठणकतो. आमवातात सकाळी मूठ मिटत नाही, कुकरचं झाकण लागत नाही, आणि हे तासभर, कधी दुपारपर्यंत चालतं. हालचालीने हात सैल होतात, बसून राहिलं की पुन्हा धरतात.

आता बोटं उजेडात धरा. नखालगतच्या पेरावर टणक, हाडासारखी गाठ असेल तर ती बहुधा झीज. आमवात तो शेवटचा सांधा सहसा सोडतो. तो मधली पेरं, मनगट आणि मूठ वळल्यावर वर येणारे उंचवटे धरतो, तेही बहुधा दोन्ही हातांचे. सूज मऊ लागते, कोमट लागते. कुणी हात मिळवला तरी कळ येते. बायकांमध्ये हा पुरुषांपेक्षा दोन-तीन पट जास्त, आणि तिशी-चाळिशीतही होतो, त्यामुळे ‘वय झालं’ इथे लागूच पडत नाही.

एकट्या रक्ततपासणीवर भिस्त ठेवू नका. आमवातासाठी करतात ती आरए फॅक्टर तपासणी निरोगी म्हाताऱ्या माणसातही पॉझिटिव्ह येतो आणि खऱ्या आमवातात निगेटिव्हही येऊ शकतो. आमवाताचीच दुसरी रक्ततपासणी, अँटी-सीसीपी, जास्त भरवशाची. झिजेला मात्र रक्त तपासून काही हाती लागत नाही; उभं राहून काढलेला एक्स-रे पुरतो.

झीज असेल तर हाडांचे डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट. मांडीच्या पुढच्या स्नायूचा व्यायाम कंटाळवाणा आहे, म्हणून कुणी करत नाही, आणि सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच. वजन एक किलो उतरलं तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी हलका होतो. कमोड वापरा, मांडी घालून बसणं कमी करा. सांध्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या ग्लुकोसामीनच्या महागड्या डब्यांवर मी तरी पैसे घालणार नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर मर्यादा घातली, म्हणून तो भाग आवाक्यात आला. पण स्वस्त झालं हे ऑपरेशनचं कारण नव्हे. रात्री झोप मोडते, व्यायाम मनापासून करूनही घरातल्या घरात चालवत नाही, तेव्हा तो विषय काढावा.

आमवात वाटला तर संधिवाततज्ज्ञ, म्हणजे रुमॅटॉलॉजिस्ट गाठा. लहान गावात नसतील तर फिजिशियनकडून चिठ्ठी घेऊन मोठ्या शहरात जा. सुरुवात बहुधा मेथोट्रेक्सेटने होते. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची, रोज नाही. चुकून रोज घेतल्याने जीव गेल्याच्या घटना आहेत. म्हणून पाकिटावर मोठ्या अक्षरात वार लिहून ठेवा: ‘फक्त रविवार’. सोबत फॉलिक ॲसिड, ठरावीक दिवसांनी रक्त आणि लिव्हरची तपासणी, दारू बंद, आणि मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोलणं. गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. याच काळात माणसं धीर सोडतात आणि बिनलेबलच्या पुडीकडे वळतात. दोन दिवसांत जादू करणाऱ्या अशा पुडीत अनेकदा स्टेरॉइड सापडतं. तोंड सुजतं, साखर चढते, आणि एकदम बंद केली तर धोका वेगळाच. तिकडे सांध्याचं हाड आतून कुरतडलं जातच असतं.

दोन्हीत न बसणारेही आहेत. रात्रीत पायाचा अंगठा लाल होऊन चादरीचा स्पर्श सोसवेना, तर युरिक ॲसिडचा गाऊट असू शकतो. चिकुनगुनियानंतरची दुखणी तर महिनोन्महिने आमवाताचं सोंग घेतात. आधी ताप येऊन गेला का, हे डॉक्टरांना आठवणीने सांगा. पण एकच सांधा तापासकट लालबुंद, गरम झाला आणि जरासुद्धा हलवता येत नसेल, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. सांध्यात पू झालेला असू शकतो. त्याच दिवशी हॉस्पिटलमध्ये जा.