‘स्पीक’: न बोलणाऱ्या मुलीने सांगितलेली गोष्ट

मेलिंडा सॉर्डिनो न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजमध्ये नववीत प्रवेश घेते, ती आधीच वाळीत पडलेली. उन्हाळ्याच्या सुटीत एका पार्टीतून तिने पोलिसांना फोन केला आणि पार्टी उधळली, एवढंच सगळ्यांना ठाऊक आहे. फोन का केला, हे कुणी विचारलेलं नाही आणि तिनेही सांगितलेलं नाही. अमेरिकेत नववी म्हणजे हायस्कूलचं पहिलं वर्ष. आपल्याकडे अकरावीला शाळा सोडून कॉलेजात गेल्यावर जसे नवे गट पडतात, तसा तो काळ. त्यात ही एकटी.

लॉरी हॉल्स अँडरसन यांची ही कादंबरी १९९९ सालची. त्याच वर्षी ती अमेरिकेच्या नॅशनल बुक अवॉर्डच्या अंतिम यादीत होती. २०१० साली मिझुरी राज्यात एका प्राध्यापकाने तिला जवळपास अश्लील ठरवलं, तेव्हा वाचक तिच्या बाजूने उभे राहिले. बलात्काराविषयीची किशोरवयीनांसाठीची कादंबरी कशी लिहावी, हे कुणाला शिकायचं असेल तर आजही आधी हीच हातात द्यावी. शेवट मात्र डोळे मिटून स्वीकारू नये.

पुस्तक जेमतेम २०० पानांचं आहे आणि शाळेच्या चार सत्रांत विभागलेलं आहे. सत्र संपलं की प्रगतिपुस्तक येतं, आणि त्यात विषयांबरोबर जेवणाची सुटी आणि कपडे यांनाही श्रेणी असते. प्रकरणं नाहीत. छोटे छोटे तुकडे आहेत, काही तर अर्ध्या पानात संपतात. बऱ्याच ठिकाणी संवाद नाटकाच्या संहितेसारखे मांडलेत: शिक्षक बोलतात, आईवडील बोलतात, मेलिंडाच्या वाट्याला आवाजच येत नाही. घरी तर आईवडील आणि मुलगी स्वयंपाकघरात चिठ्ठ्या ठेवून एकमेकांशी ‘बोलतात’. गप्प बसलेल्या माणसाकडून कथा कशी सांगवून घ्यायची, हा लेखिकेपुढचा खरा पेच होता. तिची तोड अशी, की मेलिंडा मनात अखंड बडबड करते आणि तीही तिरकस, खवचट. शाळेचं बोधचिन्ह (मॅस्कॉट) दर थोड्या दिवसांनी बदलतं, त्याची ती मनसोक्त टर उडवते. हे विनोद नसते तर पन्नासाव्या पानावर वाचकाने पुस्तक खाली ठेवलं असतं.

मूळ घटना कुठे ठेवली आहे, हे नीट पाहण्यासारखं आहे. सुरुवातीला फक्त शरीर बोलतं. चावून चावून ओठांवर खपल्या धरतात, घशातून शब्द फुटत नाही. जीवशास्त्राच्या तासाला ट्रेमध्ये पाय ताणून लावलेला बेडूक दिसतो आणि ती कोसळते. पार्टीतली रात्र तिसऱ्या सत्रात येते, तीही मोजक्या पानांत. अवयवांचं वर्णन नाही. नकार आहे आणि तोंडावर दाबलेला हात आहे. पण ‘बलात्कार’ हा शब्द तिथेही येत नाही! तो पुढे येतो, आजारी पडून घरी टीव्ही बघताना ती मनातल्या मनात टॉक शोच्या निवेदिकेला विचारते तेव्हा. मग लायब्ररीत जुन्या मैत्रिणीला तो कागदावर लिहून दाखवते. आपली वर्तमानपत्रं वर्षानुवर्षं ‘अतिप्रसंग’ लिहीत आली, त्यामुळे घटनेला नाव द्यायला एवढा वेळ का लागावा हे मराठी वाचकाला वेगळं समजवावं लागणार नाही.

हा उशीर लेखिकेने उत्कंठेसाठी केलेला नाही, मेलिंडाला जमत नाही म्हणून झालेला आहे. जे अॅशर यांच्या २००७ सालच्या ‘थर्टीन रीझन्स व्हाय’शी ताडून पाहा. तिथे मेलेल्या मुलीच्या कॅसेट एकेक करून वाजतात, पुढची बाजू कुणावर आहे हे कळण्यासाठी पानं उलटली जातात आणि आत्महत्येचा हिशेब तेरा कारणांत मांडला जातो. आत्महत्येला एखादं सोपं कारण चिकटवू नये आणि पद्धतीचा तपशील देऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनेची माध्यमांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. त्या कादंबरीची रचनाच पहिल्या मुद्द्यावर अडखळते. मेल्यावर आपलं म्हणणं सगळ्यांना ऐकावं लागेल, हे खोटं आश्वासन तिथे रचनेतूनच मिळतं. तिच्यावरच्या नेटफ्लिक्स मालिकेने दुसऱ्याही मुद्द्यावर पाय घसरवला, आणि २०१९ साली आत्महत्येचं दृश्य काढावं लागलं.

‘स्पीक’मध्ये सुटका झाडाच्या रूपाने हळूहळू येते. चित्रकलेचे शिक्षक फ्रीमन तिला वर्षभर ‘झाड’ हा एकच विषय देतात. लिनोलियमवर कोरलेली झाडं फसतात, मधेच टर्कीच्या हाडांचं शिल्प होतं. शिक्षक उपदेश करत नाहीत, फक्त पुन्हा करायला सांगतात. या प्रकारच्या पुस्तकांत समजूतदार प्रौढ हमखास भाषण ठोकतो. इथे तो मोह टाळलाय.

मग शेवटी घाई होते. (पुढचं वाचायचं नसेल तर हा परिच्छेद सोडा.) गुन्हेगार पुन्हा अंगावर येतो, मेलिंडा फुटलेल्या आरशाच्या काचेने त्याला रोखते आणि लॅक्रॉस (जाळीच्या काठीने चेंडू झेलायचा खेळ) खेळणाऱ्या मुली दारात हजर. तिचा आवाज फुटायला दुसरा हल्ला आणि साक्षीदार का लागावेत? सगळी शाळाही फार पटकन तिच्या बाजूची होते. आईवडील तर अखेरपर्यंत व्यंगचित्रासारखे राहतात.

आवृत्तीचं म्हणाल तर कादंबरीच घ्या. एमिली कॅरल यांनी चितारलेली २०१८ सालची चित्रकादंबरी करड्या-काळ्या रंगांत सुरेख आहे, पण चित्रात चेहरा आणि सावली समोर येते, त्यामुळे तो प्रसंग शब्दांपेक्षा जास्त बोचतो. नववी-दहावीच्या मुलांना इंग्रजी जड नाही. प्रॉम (शाळेचा नृत्यसमारंभ), पेप रॅली (सामन्याआधी जोश चढवणारा मेळावा) असे शब्द तेवढे अडतात.

चौदाच्या पुढच्या मुलांना द्यावं, आधी स्वतः वाचून. बेडकाचा तास, तिसऱ्या सत्रातली रात्र आणि शेवटची झटापट ही तीन ठिकाणं आधी सांगून ठेवा, पण ती पानं स्टेपल करू नका. मुलं नेमकी तीच आधी उघडतात. वाचून झाल्यावर ‘यातून काय शिकलीस?’ हा प्रश्न टाळा. झाडाबद्दल विचारा, बाकीचं आपोआप येतं.

आणि कधी कधी पुस्तकाबाहेरचंही काही येतं. म्हणून ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन आधीच देऊन बसू नका. पोक्सो कायदा २०१२ च्या कलम १९ नुसार अठरा वर्षांखालच्या मुलावरील लैंगिक गुन्ह्याची माहिती मिळालेल्या कुणालाही ती पोलिसांना कळवावीच लागते. १०९८ हा बालमदतीचा क्रमांक पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवा.