अर्थ नलस्कूल: नुसतं बघू नका, बटणं फिरवा

कॅमेरॉन बेकारिओ नावाच्या प्रोग्रॅमरने २०१३ साली काढलेली ही साइट. फुकट, लॉगिनची कटकट नाही. उघडली की पृथ्वीचा गोल आणि त्यावर पळणाऱ्या वाऱ्याच्या रेघा दिसतात. बहुतेक जण 'भारी!' म्हणतात, स्क्रीनशॉट काढतात आणि बंद करतात. माझी सगळी नोकरी मर्चंट नेव्हीत गेली, चार्टवर वारा आणि प्रवाह वाचण्यात. त्यामुळे मी तिच्यात जरा जास्तच रमलो.

डाव्या कोपऱ्यातल्या 'अर्थ' शब्दावर क्लिक केल्याशिवाय मेनू उघडत नाही, हे कुणीतरी सांगावं लागतं. तिथे उंची ८५० हेक्टोपास्कल करा, म्हणजे साधारण दीड किलोमीटर वर, आणि तारीख मागे नेऊन जुलै लावा. आता मादागास्करच्या पूर्वेला बघा. तिथल्या जास्त दाबाच्या पट्ट्यातून निघालेले आग्नेय व्यापारी वारे विषुववृत्ताकडे येतात, पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागाला अडतात, आणि विषुववृत्त ओलांडलं की पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळतात. सोमालियाजवळ त्यांचा अरुंद, जोरदार झोत होतो आणि तो अरबी समुद्रावरून बाष्प घेत थेट आपल्या सह्याद्रीवर येऊन आदळतो. 'नैर्ऋत्य मोसमी वारे' एवढंच शाळेत पाठ केलं होतं. त्यांचं मूळ दक्षिण गोलार्धातल्या हिवाळ्यात आहे, हे पुस्तकातल्या बाणांवरून कधी डोक्यात शिरत नाही.

आता तीच तारीख ठेवून 'एअर'वरून 'ओशन'वर जा. माझ्या मते या साइटची खरी किंमत इथे कळते. त्याच सोमालिया किनाऱ्याने पाणी उत्तरेकडे जोरात धावताना दिसतं. वारा पृष्ठभागाचं पाणी किनाऱ्यापासून दूर ढकलतो, म्हणून खालचं थंड पाणी वर येतं. पाण्याच्या तापमानाचा थर लावा, तिथला रंग लगेच बदलतो. मग जानेवारी लावा: वारा ईशान्येचा आणि प्रवाहही उलटा, दक्षिणेकडे. ऋतूप्रमाणे दिशाच बदलणारा एवढा मोठा प्रवाह दुसरीकडे क्वचितच सापडेल. जुने दर्यावर्दी याच हिशेबाने गलबतं हाकायचे.

दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनच्या खाली अगुल्हास प्रवाह बघताना मात्र मी जरा थांबलो. चार-पाच नॉटचं (ताशी साधारण सात ते नऊ किलोमीटर) हे पाणी केप ऑफ गुड होपकडे जाणाऱ्या जहाजाला फुकट ढकलतं, इंधन वाचतं, कंपनी खूश. पण समोरून नैर्ऋत्येचं वादळ आलं की लाटा उभ्या भिंतीसारख्या होतात, तेव्हा २०० मीटर खोलीच्या रेषेच्या आत, किनाऱ्याच्या बाजूला सरकायचं असतं. स्क्रीनवर हा प्रवाह आफ्रिकेच्या टोकाखाली गर्रकन मागे फिरतो आणि त्याचे भोवरे सुटून अटलांटिकमध्ये जातात, ते स्वच्छ दिसतं. आम्हाला ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीतून, ते कधीच दिसलं नव्हतं.

ज्यांना 'प्रवाहांनी हवामानाला काय फरक पडतो' असं वाटतं, त्यांनी फेब्रुवारी लावून ६८ अंश उत्तर अक्षांश धरावा. नॉर्वेतलं नार्विक बंदर बारमाही खुलं, तिथून लोहखनिजाची जहाजं चालूच. त्याच अक्षांशावर कॅनडाच्या बॅफिन बेटाभोवती समुद्र गोठलेला. पण श्रेय एकट्या गल्फ स्ट्रीमला, म्हणजे अटलांटिकमधल्या उबदार प्रवाहाला, देऊ नका. उबदार पाण्यावरून येणारे पश्चिमी वारे ती ऊब जमिनीवर नेतात. दोन्ही थर आलटूनपालटून लावले की ही जोडी कळते.

उणिवा आहेत. ग्रीनलंडजवळ थंड, खारट पाणी तळाकडे बुडतं आणि दक्षिणेकडे परततं, तो सगळा खोल भाग इथे नाही. दिसतो तो फक्त वरचा पदर. साइट काही समजावूनही देत नाही, काय बघायचं हे आपल्यालाच ठाऊक हवं. भूगोलाच्या शिक्षकाने आधी घरी हात बसवावा, मग वर्गात प्रोजेक्टर लावावा. फोनपेक्षा मोठा स्क्रीन बरा.

आणि वाऱ्याच्या त्या रेघा अमेरिकेच्या जीएफएस या हवामान-अंदाजाच्या संगणक मॉडेलचं गणित आहे, प्रत्यक्ष मोजमाप नव्हे. किनाऱ्यालगतचे खारे-मतलई वारे त्यात नीट पकडले जात नाहीत. होडी बाहेर काढायची की नाही, हे हवामान खातं आणि हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राचा अंदाज देणाऱ्या सरकारी संस्थेचं बुलेटिन बघूनच ठरवा. माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो खोल पाण्यासाठी.