साग की महोगनी: लाकूड निवडण्यापूर्वी

साग आणि महोगनी या दोन्ही लाकडांची गणना उत्तम इमारती लाकडांत होत असली, तरी त्यांची कामे वेगळी आहेत. म्हणून वस्तू ऊनपावसात राहणार की छपराखाली, हे आधी ठरवावे.

उघड्यावरच्या कामासाठी साग निर्विवादपणे सरस आहे. त्याच्या गाभ्यातील नैसर्गिक तेल आणि टेक्टोक्विनोनसारख्या द्रव्यांमुळे वाळवी व बुरशी त्याला सहजासहजी लागत नाहीत, आणि त्यात ठोकलेले लोखंड लवकर गंजत नाही. जहाजबांधणीत त्याला मिळालेले स्थान याच गुणांमुळे आहे. मात्र हे गुण सोनेरी-तपकिरी गाभ्याचे आहेत, सालीलगतच्या फिकट रसकाष्ठाचे नव्हेत. लागवडीतील झाड कोवळे असताना तोडले, तर त्यात रसकाष्ठच अधिक निघते, आणि अशा सागापेक्षा महोगनीचा पक्व गाभा मी केव्हाही पसंत करीन. ‘साग’ हे नाव ऐकून निर्धास्त होणाऱ्यांची फसगत बहुधा इथेच होते.

घरातल्या कपाटासाठी, मेजासाठी किंवा कोरीव कामासाठी मात्र माझा कौल महोगनीला आहे. सागाचे वजन घनमीटरला सुमारे ६५० किलो, तर महोगनीचे त्याहून थोडे कमी भरते. शिवाय वाळताना महोगनी रुंदीच्या दोन्ही दिशांना जवळजवळ सारखीच आक्रसत असल्यामुळे तिच्या रुंद फळ्या सहसा वाकत नाहीत. सागातील सिलिकामुळे रंध्याचे पाते लवकर बोथट होते आणि तेलामुळे सरस नीट धरत नाही, म्हणून जोड पुसून लगेच चिकटवावा लागतो. महोगनीवर हत्यार सुखाने चालते आणि पॉलिशही सुरेख चढते. उन्हात साग करडा पडतो, तर महोगनीचा तांबूस रंग प्रकाशाने सहसा गडद होतो.

महोगनी घेताना नावाची खातरजमा अधिक काटेकोरपणे करावी. खरी महोगनी म्हणजे मध्य व दक्षिण अमेरिका आणि कॅरिबियन बेटांवरील स्विटेनिया. बाजारात आफ्रिकेतील खाया आणि फिलिपिन्सकडील शोरिया हीही ‘महोगनी’ म्हणूनच विकली जातात, त्यांपैकी खाया जवळची नातेवाईक असली तरी शोरिया मुळीच नाही. मोठ्या पानांच्या अमेरिकी महोगनीचा आंतरराष्ट्रीय व्यापार २००३ पासून साइट्स या, धोक्यातील वन्य प्राणी व वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली नियंत्रित आहे, त्यामुळे आयात लाकडाची कागदपत्रे मागून घ्यावीत.