रायझन ७ ५७००एक्स३डी: जुन्या एएम४ पीसीला नवा प्रोसेसर कधी लावावा

२०१७-१८ च्या सुमारास पहिल्या किंवा दुसऱ्या पिढीचा रायझन प्रोसेसर, बी३५० किंवा बी४५० मदरबोर्ड आणि जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड घेऊन जोडलेले गेमिंग पीसी अजून भरपूर चालू आहेत. एएमडीने जानेवारी २०२४ मध्ये आणलेला रायझन ७ ५७००एक्स३डी अशा पीसीत थेट बसतो, कारण सॉकेट (प्रोसेसर बसवायची जागा) तोच एएम४ आहे. बोर्ड तोच राहतो, डीडीआर४ रॅमही तीच. एएम४ वर गेमिंगसाठी आमची पहिली पसंती हाच प्रोसेसर आहे, पण एका अटीवर: तुमचा पीसी प्रोसेसरपाशीच अडत असला पाहिजे.

ते तपासणं सोपं आहे. व्ही-सिंक (फ्रेमचा वेग मॉनिटरशी जुळवणारी सेटिंग) आणि फ्रेमची मर्यादा बंद करा, आफ्टरबर्नर हे कार्डचा वापर दाखवणारं सॉफ्टवेअर लावा आणि गेममधल्या गर्दीच्या जागी जा. ग्राफिक्स कार्डचा वापर ९५ टक्क्यांच्या वर टिकून असेल तर कार्डच कमी पडतंय. नवा प्रोसेसर घालून हाती काही लागणार नाही. वापर ६०-७० टक्क्यांवर घुटमळत असेल आणि रिझोल्यूशन ७२० पी करूनही फ्रेम वाढत नसतील, तर प्रोसेसर अडतोय. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा एकूण वापर ४० टक्के दिसला म्हणून निर्धास्त राहू नका. गेमचा मुख्य थ्रेड (कामांची एक साखळी) एकाच कोअरवर तुंबतो, बाकीचे कोअर रिकामे बसतात आणि सरासरी फसवी येते.

रॅमही बघून घ्या. एकच स्टिक असेल किंवा वेग २१३३ दाखवत असेल, तर आधी तेच दुरुस्त करा. दोन स्टिक प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा आणि बायोसमध्ये (बोर्डच्या मूळ सेटिंग सांभाळणारं सॉफ्टवेअर) एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, चालू करा. कधीकधी एवढ्यानेच झटके कमी होतात आणि खरेदी पुढे ढकलता येते.

आता प्रोसेसरकडे. ८ कोअर, १६ थ्रेड, बूस्ट म्हणजे कमाल वेग ४.१ गिगाहर्ट्झ. आकडा फार मोठा नाही. साधा ५७००एक्स ४.६ पर्यंत जातो. खरी ताकद ९६ एमबी एल३ कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या वेगवान मेमरीत आहे. रायझन ५ १६०० कडे १६ एमबी होती, तीही दोन तुकड्यांत वाटलेली. गेमला सतत लागणारी माहिती कॅशमध्येच मावली की रॅमकडे जाण्याचे हेलपाटे वाचतात. म्हणून फ्लाइट सिम्युलेटर, कार रेसिंग सिम, मोठे स्ट्रॅटेजी गेम आणि गर्दीचे ऑनलाइन गेम यांत फरक ठळक जाणवतो, आणि सरासरी फ्रेमपेक्षा जास्त तो सर्वांत खालच्या १ टक्का फ्रेममध्ये दिसतो. डोळ्यांना खुपणारे झटके तिथलेच असतात. याच कॅशमुळे रॅमच्या वेगाचं महत्त्वही कमी होतं, म्हणजे जुनी ३२०० ची रॅम बदलायची गरज नाही. व्हिडिओ रेंडरिंग हेच मुख्य काम असेल तर मात्र ५७००एक्स जास्त वेगवान आहे. आणि ४के वर खेळणाऱ्यांनी पैसे ग्राफिक्स कार्डात घालावेत.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते बायोसपाशी. जुना प्रोसेसर बोर्डवर असतानाच बायोस अद्ययावत करा; नवा बसवल्यावर स्क्रीन काळी राहिली की तोच जुना परत बसवावा लागतो. बोर्डच्या सपोर्ट यादीत ५७००एक्स३डी समोर कोणती आवृत्ती दिली आहे ते बघा. काही बोर्डांना मधली एक आवृत्ती आधी टाकावी लागते, ती सूचना वगळू नका. फाइल एफएटी३२ केलेल्या पेन ड्राइव्हवर घ्या आणि बायोसच्या आतूनच फ्लॅश करा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन) चालू असेल तर रिकव्हरी की आधीच दुसरीकडे लिहून ठेवा, कारण नव्या प्रोसेसरनंतर एफटीपीएम (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारा प्रोसेसरमधला भाग) रीसेट करायचं का असं विचारलं जातं आणि होय म्हटलं की विंडोज ती की मागतं. बायोस बदलल्यावर एक्सएमपी बंद होतं, सीएसएमची (विंडोज जुन्या पद्धतीने सुरू होऊ देणारी) सेटिंगही बदलू शकते. विंडोज जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर असेल तर सीएसएम बंद होताच ते सुरूच होत नाही. म्हणून आधी विंडोजमधलं एमबीआर२जीपीटी हे साधन चालवून तीच डिस्क नव्या जीपीटी पद्धतीची करून घ्या.

कूलर काढताना घाई नको. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात, तब्बल १३३१. कूलर आणि प्रोसेसरमधली वाळलेली पेस्ट दोघांना धरून ठेवते आणि कूलर सरळ वर ओढला की लॉक असूनही प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो, पिना वाकतात. दहा मिनिटं गेम चालवून पेस्ट गरम होऊ द्या, पीसी बंद करून प्लग काढा, मग कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवून सोडवा. प्रोसेसरसोबत कूलर येत नाही. कॅशचा जादा थर कोअरच्या चिपवर रचलेला असल्याने उष्णता सावकाश बाहेर पडते, तापमानाची मर्यादा ९० अंश आहे. १२० मिमी पंख्याचा चांगला टॉवर कूलर पुरतो. पहिल्यांदा सुरू करताना रॅमची जुळणी होईपर्यंत काही मिनिटं स्क्रीन काळी राहू शकते. लगेच बटण दाबू नका.

जीटीएक्स १०६० तशीच ठेवून हा प्रोसेसर घेणं आम्हाला पटत नाही. हार्डवेअर रे ट्रेसिंग सक्तीचं असलेले गेम आता आले आहेत आणि ते या कार्डावर चालतच नाहीत. आरटीएक्स ४०६० ला ११५ वॅट लागतात, १०६० पेक्षाही ५ कमी, म्हणजे चांगल्या स्थितीतला जुना पॉवर सप्लाय बदलावा लागत नाही. फक्त हे कार्ड ८ लेनचं आहे, म्हणजे बोर्डशी माहिती देण्याघेण्याच्या वाटा आठच. बी४५० वर या जोडणीची जुनी आवृत्ती, पीसीआयई ३.० मिळते, त्यामुळे ८ जीबी मेमरी भरली की तिथे घसरण जास्त होते. टेक्स्चर एक पायरी खाली ठेवा. १६ लेन आणि १२ जीबीची आरटीएक्स ३०६० इथे निवांत चालते, पण तिला १७० वॅट लागतात.

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि पहिल्या पिढीचे रायझन विंडोज ११ च्या यादीत नाहीत, ५७००एक्स३डी आहे. बोर्ड ए३२० असेल आणि व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर) हीटसिंक नसेल, तर १०५ वॅटचा हा प्रोसेसर टाळून ६५ वॅटचा रायझन ५ ५६०० घ्या. त्याच्या बॉक्समध्ये कूलरही मिळतो.