पाय चाटणारं कुत्रं आणि तीन दिवसांत गुण देणारी पुडी

कुत्रं पाय चाटायला लागलं की बहुतेक घरांत पहिले काही आठवडे कानाडोळा होतो. मग बोटांच्या बेचक्या लालभडक होतात, पांढऱ्या कुत्र्याचे पंजे लाळेनं तांबूस पडतात, रात्रभर चपचप चालू राहते. अशात कुणीतरी सांगतं, ‘अमक्याकडं पुडी मिळते, तीन दिवसांत बंद.’ फसवणुकीला सुरुवात होते ती इथं.

पुडीवाला कधी आठवडी बाजारात भेटतो, कधी पिल्लं विकणाराच ‘सोबत औषध’ म्हणून देतो. आता तर व्हॉट्सॲपवर व्हिडिओ मागवतात आणि पैसे आले की कुरिअर करतात. पंजा कुणी हातात धरून बघत नाही. फार तर वजन विचारतात. हातात येते साधी प्लास्टिकची पिशवी, आत पांढरट भुकटी किंवा पाकिटातून सोडवलेल्या बिननावाच्या गोळ्या. ‘शंभर टक्के जडीबुटी, साइड इफेक्ट नाही.’ लेबल नाही, बॅच नंबर नाही, बिल तर नाहीच.

आणि गुण येतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चाटणं थांबतं, लाली उतरते, घरचे खूश. धंदा चालतो तो या गुणावरच, कारण खूश झालेला माणूस स्वतःच चार जणांना नंबर देतो. पण त्याच आठवड्यात पाण्याचं भांडं दिवसातून तीनदा भरावं लागतं, कधी घरात न मुतणारं कुत्रं रात्री फरशी ओली करतं, भाकरीचा डबा उघडा दिसला की तुटून पडतं. पुडी संपल्यावर थोड्याच दिवसांत चाटणं पुन्हा सुरू होतं, बहुतेक वेळा आधीपेक्षा जास्त. फोन केला की उत्तर तयार असतं: ‘आजार जुना आहे, कोर्स करावा लागंल.’ कोर्सचा भाव अर्थातच वेगळा.

तहान, लघवी आणि भूक एकदमच वाढली, तर पुडीत स्टेरॉइड आहे असा दाट संशय धरावा. स्टेरॉइड म्हणजे विष नव्हे. प्रेडनिसोलोन नावाचं स्टेरॉइड पशुवैद्यही देतात, पण वजनाप्रमाणे मिलिग्रॅम मोजून, थोड्या दिवसांसाठी, आणि हळूहळू कमी करत. पुडीत ते किती आहे हे कुणालाच ठाऊक नसतं. खाज कशामुळं येते याच्याशी त्याला देणंघेणं नाही, ते फक्त शरीराची प्रतिक्रिया दाबतं. कारण ॲलर्जी असेल तर निदान काही दिवस तरी बरे जातात. कारण डेमोडेक्स नावाची कातडीतली माइट (डोळ्यांना न दिसणारी बारीक कीड) असेल, तर प्रतिकारशक्ती दबल्यामुळं तीच बेसुमार वाढते. मग पंजे सुजतात, बेचक्यांत गाठी येऊन फुटतात, रक्त-पू येतो. महिनोन्‌महिने पुडी चालू राहिली तर पोट सुटतं, कातडी पातळ होते, अंगावरचे केस विरळ होतात.

इथं लोकांची दुसरी चूक होते. फसवलं गेल्याचं कळताच रागानं पुडी एका दिवसात बंद करतात. दोन-तीन आठवड्यांहून जास्त दिली असेल तर असं करू नका. बाहेरून स्टेरॉइड मिळत असल्यानं शरीरात स्टेरॉइड बनवणारी स्वतःची ग्रंथी मंदावलेली असते. औषध एकदम तोडलं की उलट्या, गळाठा, थरथर, कधी कोसळणंही. पुडी घेऊन त्याच दिवशी डॉक्टरकडं जा, कमी कशी करायची ते ते ठरवतील. आणि कुत्रं लंगडतंय म्हणून घरातली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी तर मुळीच नको. या गोळ्या कुत्र्याला एरवीही घातक, त्यात वर स्टेरॉइड चालू असलं तर जठरात व्रण पडून रक्तस्राव होतो. काळी डांबरासारखी शी ही त्याची खूण.

पुडीची थोरली बहीण म्हणजे सुई. ‘एक सुई मारली की महिनाभर बघायला नको.’ ही बहुधा लांब टिकणाऱ्या स्टेरॉइडची असते, त्रास झाला तरी परत काढता येत नाही. दुसरी सुई आयव्हरमेक्टिन या जंत-माइट मारणाऱ्या औषधाची, आणि तिथं हिशोब चुकला की जीवच जातो. ढोरांची बाटली १ टक्क्याची असते, म्हणजे १ मिलीत १० मिलिग्रॅम. गायीला ५० किलोमागं १ मिली, म्हणजे ३०० किलोच्या गायीला ६ मिली. माइटसाठी १० किलोच्या कुत्र्याला डॉक्टरांनी किलोमागं ०.३ मिलिग्रॅम ठरवलं तर भरतात ०.३ मिली. गायीच्या अंदाजानं सिरिंज ओढणाऱ्याच्या हातून ३ मिली गेलं की डोस दहापट. बाहुल्या मोठ्या होतात, तोल जातो, दिसेनासं होतं, कुत्रं बेशुद्ध पडतं. कोली जातीच्या आणि तिच्या संकरातल्या कुत्र्यांना तर याहून कितीतरी कमी मात्राही झेपत नाही.

माणसांची ट्यूबही मेडिकलवरून सहज आणली जाते. क्लोबेटासॉल, एखादं अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकत्र असलेली. २०१८ पासून अशी स्टेरॉइडची मलमं भारतात चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, तरी मागितली की मिळतात. पंजाला लावलेलं मलम कुत्रं पाच मिनिटांत चाटून पोटात घालतं, हे विकणाऱ्याच्या डोक्यातही येत नाही. जळकं ऑईल आणि रॉकेल यांच्याबद्दल तर बोलायलाच नको.

शहरातल्या, शिकलेल्या घरांसाठी वेगळा गळ आहे: ‘केसांवरून ॲलर्जी टेस्ट’. चार केस आणि लाळेचा बोळा पाकिटात घालून पाठवा, शंभर-दोनशे पदार्थांची रंगीत यादी घरपोच. अशा किटला खेळण्याचे कृत्रिम केस आणि पाणी पाठवून तपासलं गेलं आहे, तर त्यांनाही ‘ॲलर्जी’ निघाली. यादी हाती पडल्यावर त्याच दुकानाचं ‘स्पेशल’ खाणं घ्यायला लावतात, ते वेगळंच.

खरी तपासणी कशी असते हे माहीत असलं की खोटी लगेच ओळखू येते. डॉक्टर आधी विचारतात, एकच पाय का चारही? एकच पाय असेल तर नजर काट्याकडं जाते. आपल्याकडं वेड्या बाभळीचा काटा किंवा गवताचं कुसळ बेचकीत घुसतं, वरून भोक बुजतं आणि आत गाठ पिकत राहते. नख फाटलेलं असतं, मे महिन्यात डांबरी रस्त्यानं पंजाखालची गादी भाजलेली असते. चारही पाय, त्यात कान आणि काखाही लाल असतील, तर ॲलर्जीचा विचार: धुळीतले माइट, परागकण, पिसवा, खाणं. पावसाळ्यात गाजरगवत माजतं तेव्हा वाढतं का, बारमाही आहे का, हे विचारलं जातं. काळ्या रानातून आलेल्या कुत्र्याच्या बोटांत चिकट मातीचे गोळे वाळून बसतात. ओल आणि घर्षण दोन्ही, मग यीस्ट या बुरशीला आयतं घर मिळतं.

मग हात लावून काम. बोटं फाकवून बेचकीत पारदर्शक चिकटपट्टी दाबतात, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. मॅलासेझिया यीस्ट तिथं भुईमुगाच्या शेंगेच्या आकाराची दिसते. माइटसाठी कातडी चिमटीत दाबून ब्लेडनं खरवडतात, बारीक रक्त पाझरेपर्यंत. पंजा फार दुखत असेल तर केस उपटून बघतात. हे सगळं मोठ्या मशीनशिवाय होतं. जायच्या आधी दोन-तीन दिवस पंजे औषधी शाम्पूनं धुऊ नका, नाहीतर बघायला काही उरत नाही.

यीस्ट किंवा जंतू निघाले तर २ ते ४ टक्के क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचा शाम्पू, बुरशीसाठी त्यातच मायकोनॅझोल असलेला. फेस करून पूर्ण १० मिनिटं ठेवायचा, घड्याळ लावून. लोक दोन मिनिटांत धुतात आणि शाम्पूला नावं ठेवतात. आठवड्यातून दोनदा, साधारण तीन-चार आठवडे, आणि दर वेळी बेचक्या कोरड्या पुसायच्या. डेटॉल नको, आधीच सोललेल्या कातडीला ते झोंबतं. माइटसाठी फ्लुरालॅनर, अफॉक्सोलॅनर या गटातल्या गोळ्या आहेत, पण कुत्र्याला फिट येत असतील तर डॉक्टरांना आधी सांगा.

खाण्याची ॲलर्जी ओळखायला रस्ता एकच, तोही कंटाळवाणा: किमान ८ आठवडे, आधी कधी न खाल्लेलं एकच प्रथिन किंवा डॉक्टरनं दिलेलं हायड्रोलाइज्ड (प्रथिनांचे बारीक तुकडे केलेलं) खाणं. रोज चिकन-दूध-चपाती खाणाऱ्याला तिन्ही बंद. बिस्कीट नाही, दुधाची साय नाही, चवदार गोळीसुद्धा नाही. घोडं बहुतेक वेळा आजी-आजोबांच्या लाडापाशी अडतं. मग जुनं खाणं परत सुरू करायचं, दोन आठवड्यांत खाज उलटली तरच निदान पक्कं. तीन दिवसांच्या पुडीपुढं हे कुणाला पटणार? पण ॲलर्जीचा आजार सहसा मुळासकट जात नाही, तो आटोक्यात ठेवावा लागतो. ‘कायमचा बरा करतो’ म्हणणारा इथंच उघडा पडतो.

डॉक्टर नोंदणीकृत आहे का हे विचारण्यात संकोच नको. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार पदवीधर पशुवैद्याची नोंदणी लागते, महाराष्ट्राची परिषद नागपूरला आहे. नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर हवा. जवळ खात्रीचा डॉक्टर नसेल तर परभणी आणि उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत दवाखाने आहेत.

पैसे गेलेच असतील तर उरलेली पुडी फेकू नका. पिशवीसकट बंद डब्यात ठेवा, फोटो काढा, यूपीआयची पावती आणि चॅट जपा, चॅट डिलीट होण्याआधी स्क्रीनशॉट घ्या. ऑनलाइन पैसे घेऊन माल न देणं, खोटं दुकान असा प्रकार असेल तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर फोन. जितका उशीर, तितके पैसे थांबणं अवघड. लेबल नसलेल्या औषधाची तक्रार जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयात औषध निरीक्षकाकडं लेखी द्या आणि पोच घ्या. भरपाईसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५, नाहीतर जिल्हा ग्राहक आयोग. तिथं ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागतोच असंही नाही. तक्रार मात्र घटनेपासून २ वर्षांच्या आत दाखल झाली पाहिजे, आणि सोबत डॉक्टरच्या तपासणीचा कागद जोडलेला असावा.