कोडाईकनालच्या उतारांवर बडोद्याचा स्विंग

बडोद्यात गोल्फ शिकलेला माणूस एक गोष्ट गृहीत धरून चालतो, ती म्हणजे चेंडू कुठेही पडला तरी आपले दोन्ही पाय साधारण एका पातळीवर टेकतील. लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारातले मैदान महाराज प्रतापसिंहरावांनी १९३० च्या दशकात आखून घेतले आणि १९९० च्या दशकात समरजितसिंहांनी ते पुन्हा उभे केले. तिथे मी बारा वर्षे खेळतो आहे. तिथेही थोडे चढउतार आहेत, पण निशाणा चुकला तरी राजवाड्याचा मनोरा पाहून दिशा पुन्हा सापडते आणि तोल जाण्याचा प्रश्न सहसा येत नाही. गेल्या जानेवारीत मेहुण्यांसह कोडाईकनाल गोल्फ क्लबाच्या मैदानावर सलग दोन दिवस खेळलो, तेव्हा या सवयीचा पहिल्याच तासात निकाल लागला.

हा क्लब १८९५ सालचा आहे. अमेरिकन मिशनऱ्यांनी १८४५ मध्ये या डोंगरावर वस्ती केली, त्यानंतर बरोबर पन्नास वर्षांनी तो निघाला. अठरा होल आहेत आणि उंची समुद्रसपाटीपासून २,००० मीटरहून अधिक आहे. डोंगर कापून सपाट करणारी यंत्रे नसलेल्या काळात असे मैदान आखायचे म्हणजे डोंगराशी जुळवूनच घ्यावे लागत असणार, आणि खेळताना ते जागोजागी जाणवते. क्लब सभासदांचा असल्यामुळे थेट जाऊन उभे राहू नये. आधी संपर्क साधून वेळ आणि पाहुण्यांचे शुल्क विचारून घ्यावे. शुल्क बदलत असते, म्हणून आकडा देत नाही. मदुराईच्या विमानतळापासून घाटाच्या रस्त्याने सुमारे १२० किलोमीटर अंतर आहे, आणि ज्यांना गाडी लागते त्यांनी त्याच दिवशी खेळण्याचा बेत करू नये.

मैदानाची खरी गंमत टी, म्हणजे होलचा पहिला फटका मारायची सपाट जागा, सोडल्यानंतरच्या दुसऱ्या फटक्यात आहे. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू पायांपेक्षा वरच्या अंगाला असेल, तर तो डावीकडे ओढला जातो, आणि पायांपेक्षा खाली असेल, तर उजवीकडे सटकतो. हे पुस्तकात सगळ्यांनी वाचलेले असते. आमचे कॅडी, म्हणजे बॅग वाहणारे आणि वाट दाखवणारे सोबती, साठीच्या आसपासचे होते. त्यांना तमिळ येत होते, आम्हाला मराठी, गुजराती आणि हिंदी, त्यामुळे दोन्हीकडे आदराने चालणारा ‘अण्णा’ हा एकच शब्द आमच्यात सामाईक होता. एका चढावर चेंडू माझ्या पावलांपेक्षा वीतभर उंच बसला होता. मी होलवरच्या ध्वजाकडे रोख धरून सात नंबरची आयर्न (धातूच्या पात्याची काठी; नंबर जितका लहान, तितका चेंडू लांब) उचलली, तेव्हा अण्णांनी मान हलवली, ध्वजापासून बरेच उजवीकडे असलेले एक झुडूप दाखवले आणि सहा बोटे वर केली. मी ऐकले नाही. चेंडू डावीकडच्या झाडीत गेला तो गेलाच. दुसऱ्या दिवशी जवळजवळ त्याच जागेवरून झुडपाचा रोख धरून, सहा नंबरची आयर्न जरा खाली पकडून मारली आणि चेंडू ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या, काठावर थांबला.

अंतराचा हिशेबही नव्याने करावा लागतो. इतक्या उंचीवर हवा विरळ असल्याने चेंडू सपाटीपेक्षा साधारण आठ टक्के लांब जातो, म्हणजे बडोद्यात १४० यार्ड जाणारा फटका इथे १५० यार्डांपर्यंत जाऊ शकतो. मात्र सकाळच्या थंडीत चेंडूही गार पडतो आणि अंगही, त्यामुळे पहिल्या चार-पाच होलपर्यंत हा फायदा फारसा हाती लागत नाही. ऊन चढले की मात्र ग्रीन ओलांडून पलीकडे जाण्याचे प्रमाण वाढते. पट करताना, म्हणजे ग्रीनवरून चेंडू होलकडे हलकेच ढकलताना, डोळ्यांवर विश्वास ठेवणे आणखी कठीण, कारण सभोवतालचा डोंगरच कललेला असल्यामुळे उतरता भाग चढासारखा दिसतो. मेहुणे तीनदा म्हणाले, “भाऊजी, हा नक्की चढ आहे,” आणि तिन्ही वेळा चेंडू होलपासून लांब घरंगळत गेला.

या मैदानावर गवे येतात. आम्हाला दुसऱ्या दिवशी फेअरवेच्या, म्हणजे टीपासून ग्रीनपर्यंतच्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या, कडेला चार दिसले आणि ते रानात शिरेपर्यंत वीस मिनिटे थांबावे लागले. घाई करण्याचा विचारही कोणाच्या मनात आला नाही. त्यांच्या खुरांचे खळगे ग्रीनवर असतील, तर २०१९ पासूनच्या नियमांनुसार पट मारण्यापूर्वी ते दाबून सारखे करता येतात. फेअरवेवर चेंडू खुराच्या खळग्यात बसला, तर मात्र समितीने ती जागा दुरुस्तीखाली ठरवलेली नसेल, तोवर आहे तसाच खेळावा लागतो. मला ही वेळ दोनदा आली.

गैरसोय झाली ती माझ्या बुटांमुळे. बडोद्यातल्या एका दुकानात ‘सगळीकडे चालतील’ असे सांगून दिलेल्या बुटांच्या तळाचे दात दवाने ओल्या उतारावर काहीच पकडेनात, आणि बाराव्या होलपाशी मी बॅगेसकट बसलो. इथे जाणाऱ्याने तळाचे दात नवे बसवून घ्यावेत, कॉलरचा शर्ट आणि वर चढवायला पातळ लोकरी स्वेटर ठेवावा, अठरा होल पायी चालण्यासाठी पाच तास मोकळे ठेवावेत, आणि मुख्य म्हणजे एकाच दिवसाचा बेत करू नये. पहिला दिवस उतार कळण्यातच जातो. माझा पहिल्या दिवसाचा हिशेब १०९ फटक्यांचा झाला, दुसऱ्या दिवशी ९८ चा. नव्याने खेळू लागलेल्याला मी इथे पाठवणार नाही, पण चार-पाच वर्षे नियमित खेळून आपला फटका आता बसला आहे असे ज्याला वाटू लागले असेल, त्याने जरूर जावे. चेंडू डझनभर न्यावेत. मी परतलो तेव्हा बॅगेत तीनच होते, आणि त्यातला एक झाडीत सापडलेला, दुसऱ्या कोणाचा तरी.