लिंबू-संत्र्याच्या बिया सोलून लावल्या, त्याला आता नऊ महिने झाले

आधीच सांगून टाकते, सोललेली बी लवकर उगवते हे खरंय. पण बिया सोलून लावायच्या व्हिडिओत जेवढी हवा करतात तेवढं काही नाही, आणि त्यात जे सांगत नाहीत तेच जास्त कामाचं निघालं, म्हणून एवढं लिहितेय.

माझं माहेर अमरावती जिल्ह्यातल्या वरूडचं, त्यामुळे दर नोव्हेंबरात आंबिया बहाराची (जानेवारी-फेब्रुवारीत फुललेली) संत्री पेटीभर पुण्याला येतात. गेल्या वर्षी पोरीने बिया थुंकायच्या ऐवजी वाटीत जमवल्या आणि आई लावूया ना म्हणून मागे लागली. मी काय केलं, भोपळ्या-दोडक्याच्या बियांसारख्या पेपरवर पसरून खिडकीत वाळवल्या, चांगल्या खडखडीत, आणि तीन आठवड्यांनी लावल्या. चोवीसातली एक उगवली. एक! मग कळलं की लिंबू वर्गातल्या बियांना वाळणं सहसा सोसत नाही, आतला ओलावा फार गेला की बहुतेक बिया मरतात. फळातून काढली, धुतली, लावली असंच करायचं. थांबायचंच असेल तर ओल्या टिश्यूत गुंडाळून फ्रीजमध्ये, भाजीच्या कप्प्यात. बाकी काही केलं नाही तरी चालेल पण हे चुकवू नका.

दुसऱ्या खेपेला मग जरा शिस्तीत केलं. कागदी लिंबाच्या साठ बिया घेतल्या (सरबत किती झालं असेल विचारू नका) आणि वीस-वीसचे तीन गट पाडले. पहिला गट सोलून ओल्या टिश्यूत, झिपलॉक पिशवीत, टीव्हीच्या सेटटॉप बॉक्सवर. दुसरा गट न सोलता, पण तशाच पिशवीत त्याच बॉक्सवर. तिसरा आपला साधा, कोकोपीट आणि गांडूळखत भरलेल्या कुंडीत, बाल्कनीत.

सोलायचं कसं ते नीट सांगते, कारण पहिल्या सात-आठ बिया मी वाया घालवल्या. बीवर एक बुळबुळीत थर असतो, तो आधी जायला पाहिजे, नाहीतर बी बोटातून साबणासारखी सटकते. आई गावाकडे बिया राखेत घोळायची, इथे राख कुठली आणायची, मी पिठाच्या चाळणीत घेऊन नळाखाली चोळल्या. मग रात्रभर पाण्यात. सकाळी बीचं टोकदार बाजूचं अगदी टोक, फक्त पांढरं कवच, नेलकटरने कापायचं आणि तिथून नखाने कवच उलगडायचं. त्याच टोकाशी आत कोंब असतो म्हणून नेलकटर खोल गेला की खेळ खलास. पांढरं कवच निघालं की खाली तपकिरी पातळ पापुद्रा लागतो, शेंगदाण्याच्या सालासारखा, तोही हलक्या हाताने काढायचा. आत लिंबाची बी पांढरी आणि संत्र्याची चक्क पिस्त्यासारखी हिरवी! पोरीला तेवढ्यावरच पैसे वसूल झाले.

आता निकाल. सोललेल्या बियांना सहाव्या दिवशी पहिलं मूळ दिसलं आणि अकराव्या दिवसापर्यंत वीसातल्या सतरा फुटल्या. न सोललेल्या पण उबेत ठेवलेल्यांपैकी पहिली तेराव्या दिवशी आणि चौथ्या आठवड्यापर्यंत चौदा. बाल्कनीतल्या कुंडीत डिसेंबर संपेपर्यंत शुकशुकाट, अडतिसाव्या दिवशी माती जरा उचललेली दिसली, शेवटी वीसात नऊ आल्या.

म्हणजे बघा, सोलण्याने वाचला आठवडा आणि उबेने वाचले साडेतीन आठवडे. पुण्यात थंडीत रात्री दहा-बारा डिग्रीला जातं तेव्हा ही जात ढिम्म हलत नाही, तिला पंचवीस-तीसच्या आसपास पाहिजे. सगळे नुसतं सोला सोला करत बसतात आणि पिशवी ठेवतात फरशीवर. सेटटॉप बॉक्स, राउटर, फ्रीजचा माथा, जे कोमट लागेल तिथे ठेवा, आणि रात्री टीव्हीचं मेन बटण बंद करणारा माणूस घरात असेल (आमच्याकडे आहे) तर त्याला आधी सांगून ठेवा.

एका बीतून दोन-तीन रोपं आली तर घाबरू नका, माझ्या एका लिंबाच्या बीतून तीन आली. मी बाबांना फोन करून विचारलं तर फोन काकाजींनी घेतला, त्यांची नर्सरी होती पूर्वी. पहिलं वाक्य, "काहून वं, बिया सोलून राह्यली का तू? जंबेरीचे वाफेच्या वाफे टाकले आम्ही, एक बी नाही सोलली!" (जंबेरी म्हणजे लिंबाचीच एक जात, संत्र्याच्या कलमाला खुंट म्हणून लावतात.) मग हसून झाल्यावर नीट सांगितलं. कागदी लिंबू, संत्रं, मोसंबी यांच्या बीत एकापेक्षा जास्त गर्भ असतात आणि त्यातली बहुतेक रोपं थेट आईच्या पेशीतून झालेली, म्हणजे आईसारखीच निघतात. परागकणातून झालेलं एखादं असतं ते बरेचदा मरतुकडं राहतं. म्हणून वाफ्यातली एकसारखी, जोमदार रोपं ठेवायची आणि वेगळी दिसणारी उपटायची. पपनसाचं तसं नाही, तिथे एका बीतून एकच रोप आणि ते आईवर जाईल याची खात्री नाही.

आता तक्रारी. सोललेल्या बीला बुरशी फार पटकन धरते, कवच गेलं म्हणजे अंगावरचं पांघरूणच गेलं. टिश्यू ओला पाहिजे पण पिळल्यावर थेंब पडता कामा नये, मी पहिल्यांदा सढळ हाताने पाणी घातलं आणि चौथ्या दिवशी पिशवीत कापूस उगवल्यासारखं दिसलं, त्या सगळ्या फेकल्या. नंतर एक दिवसाआड टिश्यू बदलला आणि कुंडीत हलवताना कोकोपीटमध्ये ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला दाबणारी उपयोगी बुरशी) मिसळला. मूळ साधारण एक-दीड सेंटिमीटर झालं की लगेच हलवा, मी कौतुकाने फोटो काढत राहिले आणि दोन मुळं टिश्यूत अडकून तुटली. चहाच्या पेपर कपात लावू नका, मूळ सरळ खाली जातं आणि तळाला वेटोळं घालतं. दुधाच्या पिशव्या भोकं पाडून वापरल्या, त्या बऱ्या.

बी लवकर उगवावी म्हणून जिबरेलिक ॲसिडचं पण करून पाहिलं, ते झाडाच्या वाढीचं संप्रेरक, द्राक्षवाले वापरतात ती पावडर. पाण्यात सरळ विरघळत नाही, आधी थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवावी लागते, एवढं सगळं करून रोपं आली ती लांबुळकी, काडीसारखी, आधार दिल्याशिवाय उभी राहीनात. माप माझंच चुकलं असणार. पण घरच्या दहा-वीस बियांसाठी तो उपद्व्याप कशाला?

आणि मार्चमधलं संकट कुठल्याच व्हिडिओत नव्हतं. पानांवर पक्ष्याची शिट पडल्यासारखं काहीतरी दिसत होतं, मी दुर्लक्ष केलं, ती लिंबावरच्या फुलपाखराची अळी निघाली. मोठी झाली की हिरवीगार होते, हात लावला की डोक्यामागून केशरी शिंगं काढते आणि वास मारते. दोन दिवसांत पाच रोपांच्या नुसत्या काड्या उरल्या. बाजूलाच कढीपत्त्याची कुंडी होती, तो पण याच कुळातला, तिथूनच पाहुण्या आल्या असाव्यात. आता रोज सकाळी चहाचा कप घेऊन पानं उलटून बघते आणि अळ्या हाताने उचलते, पोरीने त्यातली एक बरणीत पाळली पण.

आता ऑगस्ट संपत आला. सोललेल्यांतलं सगळ्यात उंच रोप दीड वीत आहे, न सोललेल्यांतलं त्याच्यापेक्षा दोन बोटं कमी, आणि पाहुण्यांना सोललेलं कुठलं विचारलं तर निम्मे चुकतात. थंडीत सगळीच रोपं गपगार बसून होती, त्यामुळे डिसेंबरात मिळालेली आघाडी तिथेच जिरली. जूनमध्ये मुद्दाम तीस बिया न सोलता, फक्त धुऊन, रात्रभर भिजवून थेट ट्रेमध्ये टाकल्या तर पंधराव्या दिवसापासून कोंब वर यायला लागले आणि सव्वीस उगवल्या. नेलकटर नाही, टिश्यू नाही, काही नाही.

तर मे-जूनमध्ये लावणार असाल तर सोलायच्या भानगडीत पडू नका. थंडीत लावायचंय किंवा बिया मोजून चारच आहेत किंवा घरात उतावळं पोर आहे, तर सोला. आणि फळाची घाई असेल तर बीच्या वाटेला जाऊच नका, बीवरच्या लिंबाला चार-सहा वर्षं सहज लागतात आणि संत्र्याला त्याहून जास्त, वर काटे हे एवढाले. संत्र्याची सात रोपं आहेत माझ्याकडे, दिवाळीला वरूडला जाताना जंबेरीची दोन खुंटरोपं काकाजी काढून ठेवणार आहेत, त्यावर डोळा भरून (म्हणजे चांगल्या संत्र्याच्या फांदीवरचा डोळा खुंटावर बसवून) देतो म्हणालेत. माझ्यासारख्या बी सोलणाऱ्या पोरीला डोळा भरणं जमेल का, हे मात्र तिकडे सगळ्यांना विचारून झालंय त्यांचं.